थोरल्यांचं रुसणं

सोमवार, २ फेब्रुवारी

सकाळी पायांच्या डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी आली. एक एप्रिलपासून त्या पावलांची मापं कागदावर पाठवणार नाहीत. त्यांच्याकडे काचेचं नवं यंत्र आलंय. त्यावर पेशंट उभा राहिला की पावलाचं चित्र सगळ्या बाजूंनी उमटतं, आणि ते चित्र थेट कंप्युटरवर धाडतात म्हणे. खाली लिहिलंय, 'आपल्याकडे तशी सोय असेलच.' ते 'असेलच' मला टोचलं.

आमच्याकडे सोय नाही. आमच्याकडे थोरले आहेत.

थोरले म्हणजे दुकानातला कंप्युटर. वय वर्षं एकोणीस. मूळचा पांढरा, आता चहात बुडवून काढल्यासारखा. ज्या कंपनीनं त्याची ऑपरेटिंग सिस्टीम बनवली, तिनं त्याच्याकडे बघणं केव्हाच सोडलंय. त्याला नेट जोडायचं नाही, असं सगळ्यांनी बजावलंय, म्हणून तो आपला एकटा खिडकीपाशी बसतो आणि एकच काम करतो. पायाची मापं भरली की बुटाच्या वरच्या चामड्याचा नकाशा आखतो आणि छापून देतो. तो कागद चामड्यावर ठेवायचा आणि रापीनं कापायचं. माझं गिऱ्हाईक साधं नसतं. कोणाचा एक पाय दोन बोटं आखूड, कोणाची टाच बाहेर पडलेली, कोणाची बोटं एकमेकांवर चढलेली. बाजारातला बूट त्यांना होत नाही. त्यातले निम्मे डॉक्टरीणबाईंकडून येतात. ते यायचे थांबले, तर मी आणि माझी शिलाईची मशीन एकमेकांचं तोंड बघत बसू.

भिंगरीनं चिठ्ठी वाचली. "बाबा, थोरल्यांना आता रजा द्या. नवा घ्या, नवी सिस्टीम टाकू." भिंगरी माझी लेक. लहानपणी एका जागी टिकायची नाही म्हणून हे नाव पडलं. आता दिवसभर खुर्चीतून हलत नाही, कारण कंप्युटर हाच तिचा धंदा. एक नोकरी सोडलीय, दुसरी एप्रिलमध्ये लागायची आहे, म्हणून दोन महिने घरी आहे.

"बघू," मी म्हणालो.

बायको आतून म्हणाली, "त्यांचं बघू म्हणजे नाही, बरं का." तीस वर्षांत हिला माझं सगळं पाठ झालंय.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

आज भावोजी आले. गुरुवारी येतातच.

भावोजी म्हणजे ताईचे यजमान. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं, आणि निवृत्त व्हायच्या आधी कंप्युटरचा नाद लागला. थोरल्यांमधला नकाशे आखायचा प्रोग्रॅम त्यांनीच लिहिलाय. ताई त्यांच्या मागे लागली होती की माझा भाऊ पट्टीनं रेघा ओढून ओढून आंधळा होईल, काहीतरी करा. त्यांनी चार महिने खपून केलं. काम इतकं चोख की मला एक रेघ कधी खोडावी लागली नाही.

फक्त एक खोड आहे. थोरले दर सात दिवसांनी रुसतात. प्रोग्रॅम उघडला की नुसतं 'थांबा' असं येतं आणि खाली एक रिकामी चौकट. मग भावोजींनी यायचं. आधी प्रिंटर लावायचा, मग स्क्रीनचा पडदा, मग थोरले. चष्मा पुसायचा. पडदा जरासा स्वतःकडे वळवायचा, परीक्षेत पोरं वही झाकतात तसा, आणि चौकटीत काहीतरी टाइप करायचं. की थोरले राजी. त्यानंतर भावोजी चहा घेतात, माझ्या मापांवरून नजर फिरवतात, दोन चुका काढतात, जेवतात आणि अडीचच्या बसनं जातात.

इथे एक गोष्ट लिहून ठेवतो, कारण ही वही कोणी वाचत नाही. ते काय टाइप करतात हे मला सहा वर्षांपासून माहीत आहे. एकदा त्यांच्या पायाचं माप घ्यायला खाली बसलो होतो आणि उठताना दिसलं. त्या दिवशीची तारीख, उलटी लिहिलेली. बस्स. मला ते कधीही करता आलं असतं. केलं नाही. ताई गेल्यापासून माणूस घराबाहेर पडायचा राहिला होता. गुरुवारी तरी पडतो. थोरल्यांचं रुसणं म्हणजे त्यांच्या प्रोग्रॅममधली एक चूक आहे, हे तर उघड आहे, आणि एवढ्या हुशार माणसाला ती अकरा वर्षं सापडत नाही, याचं मला नवल वाटतं. पण मी ती चूक सांभाळून घेतलीय. थोरले गेले की ती जाईल आणि भावोजींचा गुरुवारही जाईल. नवं यंत्र नको म्हणतोय ते यासाठी. हिला सांगितलेलं नाही. हिच्या पोटात काही राहत नाही.

शनिवार, ७ फेब्रुवारी

भिंगरीनं दिवसभर थोरल्यांचं पोट उघडून बघितलं. जुना प्रोग्रॅम नव्या सिस्टीमवर चालेल का ते पाहायचं होतं. म्हणाली, "जसाच्या तसा चालणार नाही, पण वळवता येईल. माझं दोन-तीन दिवसांचं काम आहे. आतोबांनी फार नीट लिहिलाय. प्रत्येक बदलाशेजारी तारीख टाकलीय." भावोजींना ती आतोबा म्हणते.

दुपारी अचानक विचारलं, "बाबा, आत्या गेली तो महिना कोणता?"

"ऑक्टोबर. अकरा वर्षं होऊन गेली."

"आणि हे सात दिवसांनी थांबणं सुरुवातीपासून आहे?"

"छे. पहिली आठ वर्षं काही नव्हतं. यंत्र जुनं झालं की लागतात अशा खोडी."

ती पडद्याकडे बघत राहिली. मग गॅलरीत गेली, बऱ्याच वेळानं आली. डोळे लाल होते. मी विचारलं तर म्हणाली धूळ गेली. थोरल्यांच्या पोटात धूळ आहे खरी, एकोणीस वर्षांची. मी तिला सांगितलं की पुढच्या वेळी फडकं घेऊन बस.

मंगळवार, १० फेब्रुवारी

मायलेकींचं काहीतरी गुपचूप चाललंय. मी स्वयंपाकघरात गेलो की गप्प होतात. आज ही भाजी चिरता चिरता माझ्याकडे बघून उगाच हसली आणि म्हणाली, "तुम्ही दोघं मेहुणे म्हणजे ना." पुढे काही बोलली नाही. माझा वाढदिवस पुढच्या महिन्यात आहे, तेव्हा कळेलच.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

शेवटी आज विषय काढावा लागला. भिंगरीनंच काढला, जेवताना. डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी, नवं यंत्र, नवी सिस्टीम, सगळं सांगितलं. मी ताटात बघत होतो.

भावोजी म्हणाले, "बदलायलाच हवं. मी तर म्हणतो, उशीरच झाला." अगदी सरळ आवाजात. पण हातातला घास तसाच राहिला. मग म्हणाले, "नव्यात ते रुसणं राहील का गं?"

भिंगरी म्हणाली, "तुम्हाला हवं असेल तर राहील, आतोबा."

भावोजींनी तिच्याकडे इतका वेळ बघितलं की मला वाटलं घास अडकला. पाणी पुढे केलं. मला पोरीचं कौतुक वाटलं. त्यांची चूक तिला सापडलीय, आणि चारचौघांत उघडी न पाडता किती अलगद झाकली. असली चूक कोणाला कशाला हवी असेल? पण बोलायची एक रीत असते.

ते अडीचच्या बसनं गेले नाहीत. साडेतीनच्या बसनं गेले. जाताना थोरल्यांवरचं कापड त्यांनी दोनदा नीट केलं.

मी अजून ठरवलेलं नाही. डॉक्टरीणबाईंना फोन करून विचारलं की कागदावर मापं मिळायची काही सोय राहील का. त्या म्हणाल्या, "आता कागद कोण वापरतं?" मी वापरतो बाई, पण सांगून काय उपयोग. त्या उभ्या राहतात तेव्हा सगळा भार उजव्या पायावर टाकतात. अशी माणसं घाईची असतात.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

भावोजींचा सकाळीच फोन. दाढ काढलीय, गाल सुजलाय, सोमवारी येतो. एवढं बोलतानाही लाळ गळत असावी, कारण मला निम्मंच कळलं.

थोरले मात्र वेळेचे पक्के. दहा वाजता 'थांबा'.

आणि नेमक्या आजच परिचारिका बाई दारात. सरकारी दवाखान्यात काम करतात, डावा पाय साडेतीन सेंटिमीटर आखूड. गेल्या वर्षीच्या बुटाचा तळ पार झिजलाय, चालताना कंबर तिरकी होते. सोमवारपासून नव्या वॉर्डात बदली, दिवसभर उभं राहायचं. "रविवारपर्यंत द्याल ना?" मी हो म्हणून बसलो. नकाशा थोरल्यांच्या पोटात, आणि थोरले रुसलेले.

पट्टी-पेन्सिल काढली. तासभर रेघा ओढल्या. हात राहिलेला नाही. ताई म्हणायची तेच खरं, डोळेही राहिलेले नाहीत.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

केलं.

सकाळी ही बाजारात गेली आणि भिंगरी अंघोळीला. आजची तारीख उलटी टाइप केली. थोरले निमूट उघडले. परक्याच्या घराचं कुलूप उघडल्यासारखं वाटलं. नकाशा छापला, परत बंद केलं, वरून कापड घातलं. सोमवारी भावोजी येतील तेव्हा पुन्हा रुसलेले असतीलच.

मागे वळलो तर दारात भिंगरी, केसांना टॉवेल गुंडाळून.

"बाबा, तुम्हालाही येतं?"

मी तिला शपथ घातली की आतोबांना कळता कामा नये. त्यांच्या मनाला लागेल. सहा वर्षांचं सगळं सांगितलं. ती खाली स्टुलावर बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मी म्हटलं, यात हसण्यासारखं काय आहे? ती म्हणाली, हसत नाहीये.

चामडं कापून झालंय. चांगलं पडलं. उद्या शिवतो.

सोमवार, २३ फेब्रुवारी

फार वाईट झालं.

काल परिचारिका बाई बूट घालून गेल्या, अगदी सरळ चालत गेल्या, मी खुशीत होतो. आज भावोजी आले. गालावर अजून सूज होती. प्रिंटर, पडदा, थोरले. चष्मा पुसला, पडदा वळवला. 'थांबा' आलंच नाही. प्रोग्रॅम सरळ उघडला.

मी विसरलोच. शुक्रवारी राजी केलं म्हणजे पुढच्या शुक्रवारपर्यंत बिनघोर. बंद करून चालू केल्यानं काही होत नाही. एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही.

भावोजी पडद्याकडे बघत बसले. मग म्हणाले, "आज रुसला नाही."

मी म्हणालो, "थंडी कमी झालीय, त्यामुळे असेल."

"हं."

मग हळूच म्हणाले, "म्हणजे तुला येतं तर." विचारलं नाही, नुसतं म्हणाले. मी चामडं टोचायच्या आरीला मेण लावत बसलो. मला बोलायला हवं होतं. चहा अर्धा राहिला. दाढ दुखते म्हणून जेवले नाहीत. अकराच्या बसनं गेले. त्यांचा डावा जोडा बाहेरच्या बाजूला झिजतो, मला जिन्यावरून आवाज ओळखता येतो. आज तो आवाज फार सावकाश उतरला.

गुरुवार, २६ फेब्रुवारी

भावोजी आले नाहीत. भिंगरीच्या फोनवर निरोप: 'बाबांना आता जमतं आहे, हे पाहून बरं वाटलं. नव्या यंत्राचं तू बघशीलच. मी लागणारी माहिती लिहून पाठवतो. आतोबा.'

ही सगळं जेवण चौघांचं करून बसली होती. चौथं ताट तिनं मुकाट्यानं उचललं.

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

थोरले रुसले. मीच राजी केले. बोटं बरोबर पडली, पण जिवाला काही बरं वाटलं नाही.

रविवार, १ मार्च

हिला सगळं सांगितलं. मला वाटलं चिडेल. ही म्हणाली, "मग जा ना त्यांच्याकडे."

"जाऊन काय सांगू? तुमची चूक मला सहा वर्षांपासून ठाऊक आहे, असं? माणूस शरमेनं मरेल."

"तुम्ही पाय सोडून कधी माणसाच्या तोंडाकडे बघता का हो?" ही म्हणाली. आता याचा इथे काय संबंध? माझं काम पायांचं आहे.

खरं सांगायचं तर मला भीती वाटते. दारात उभा राहीन आणि पुन्हा थंडीबद्दल काहीतरी बोलेन.

गुरुवार, ५ मार्च

आजही नाहीत. सकाळपासून तीनदा जिन्याकडे कान गेला. एकदा वीजमीटरवाला, एकदा शेजारीण, एकदा कोणीच नाही.

डॉक्टरीणबाईंकडून पुन्हा विचारणा. भिंगरीला म्हटलं, आण ते नवं यंत्र, माझं आता काही म्हणणं नाही. तर तीच नाही म्हणाली. "आतोबांशिवाय मला तो प्रोग्रॅम वळवता येणार नाही. फार अवघड आहे, बाबा. तुम्ही स्वतः जाऊन त्यांना घेऊन या."

परवापर्यंत दोन-तीन दिवसांचं काम होतं, आज अवघड झालं. पण कंप्युटरच्या कामात असं होतं म्हणतात. म्हणजे आता जायलाच हवं. एका परीनं बरं झालं. जायला काम तरी मिळालं.

शुक्रवार, ६ मार्च

जाऊन आलो. क्रमानं लिहितो.

दुकान बंद ठेवलं. बस, मग दहा मिनिटं चालत. भावोजींच्या घरी मी किती वर्षांनी गेलो, ते जिन्यात आठवायला लागलो आणि आठवलं तेव्हा लाज वाटली. दर गुरुवारी तेच येत होते, मी एकदाही नाही.

दार उघडून ते बाजूला झाले. आत सगळं टापटीप. चपलांच्या फळीवर त्यांच्या जोडांशेजारी ताईचे तपकिरी बूट, मी केलेले. त्यांना ताजं पॉलिश होतं. टेबलावर कागदांचा गठ्ठा. शाळेतल्या फळ्यावरच्यासारखं अक्षर, प्रत्येक पानाला क्रमांक. वर लिहिलेलं, 'चि. भिंगरीस, नव्या यंत्राकरिता सूचना.' तेवीस पानं झाली होती.

"दाढ कशी आहे?" मी विचारलं.

"गेली ती गेली."

मी खिडकीकडे बघितलं. बाहेर ऊन होतं, हवामानाबद्दल बोलता आलं असतं. नाही बोललो.

"भावोजी, मला ते सहा वर्षांपासून येतं. तारीख उलटी."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "सहा?"

"सहा."

"मग दर गुरुवारी मला कशाला बोलावत होतास?"

"तुम्ही यावं म्हणून." एकदा तोंड उघडल्यावर मग थांबलो नाही. "ताई गेल्यावर तुम्ही कुठे जाईनासे झाला होतात. म्हटलं, यंत्राच्या निमित्तानं तरी येतील. पण नुसतं तुमच्यासाठी म्हणालो तर खोटं होईल. मलाच गुरुवार लागतो. या दोन गुरुवारी मी दिवसभर जिन्याकडे कान लावून बसलो होतो. काही शिवलं नाही."

भावोजींनी चष्मा काढला. बराच वेळ पुसला. मग म्हणाले, "अरे, मलाही तुला एक सांगायचंय. ते सात दिवसांचं जे आहे ना, ते मी—"

मी त्यांना पुढे बोलूच दिलं नाही. माणसाच्या तोंडून त्याची चूक वदवून घेणं मला बघवत नाही. "असू द्या हो. चूक कोणाच्याही हातून होते. एवढा मोठा प्रोग्रॅम लिहिलात, त्यात एक राहिली असेल. अकरा वर्षांत घराबाहेर मी कोणाजवळ बोललो नाही आणि बोलणारही नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत, मी उठलो. तर हसत होते. दाढेची खिंड दिसेपर्यंत हसत होते, एका हातानं टेबल धरून. ताई गेल्यापासून मी त्यांना इतकं हसताना बघितलं नव्हतं. "चूक," ते म्हणाले, "हो रे शालकबुवा, चूकच म्हण." डोळ्यांतून पाणी आलं तरी थांबेनात. मग मीही हसलो, कशाला ते मला नीट कळलं नाही, पण शेजारी माणूस इतकं हसत असला की राहवत नाही.

चहा झाला. त्यांनी गठ्ठा पिशवीत भरला. मी म्हटलं, "नवं यंत्र काही रुसायचं नाही."

"नाही रुसणार."

"तरी गुरुवारी यायचं."

"येऊन काय करू? काम काय?"

"काम नाही. तुम्ही यायचं, बस."

ते चपला घालायला वाकले आणि वाकलेच राहिले जरा वेळ. मग आम्ही दोघं एकाच बसनं आलो.

बुधवार, १८ मार्च

इतके दिवस लिहायला सवड झाली नाही. घरात नुसती धामधूम. नवं यंत्र आलं. काळं, पातळ, त्याचा आवाजही येत नाही, चालू आहे की बंद ते मला कळत नाही. नवी सिस्टीम भिंगरीनं टाकली. भावोजी गेले आठ दिवस रोज येतात. दोघं शेजारी शेजारी बसून भांडतात. ती म्हणते हे दोन ओळींत होतं, ते म्हणतात मुळाशी जाऊन कर. पंचाहत्तरीचा माणूस सत्तावीस वर्षांच्या पोरीकडून शिकतोय आणि तिला वर्गमूळ शिकवतोय. फार अवघड काम आहे हे भिंगरीचं म्हणणं खरं असावं, नाहीतर आठ दिवस कशाला लागले असते?

काल डॉक्टरीणबाईंचं पहिलं चित्र आलं. पाऊल सगळ्या बाजूंनी फिरवून बघता येतं. मी कबूल करतो, सुरेख दिसतं. टाचेची कड अशी मी चाळीस वर्षांत नीट बघितली नव्हती. नकाशा आखला, छापला, चामड्यावर ठेवला. एक रेघही खोडावी लागली नाही. थोरल्यांना फडक्यानं पुसून माळ्यावर चढवलं. चढवताना आम्ही तिघं लागलो. जड होते.

एकच प्रसंग लिहायचा राहिला. जुन्यातली ती सात दिवसांची ओळ आली तेव्हा भिंगरीचा हात थांबला. तिनं आतोबांकडे बघितलं. ते म्हणाले, "काढ." तिनं पुन्हा विचारलं, "नक्की?" ते म्हणाले, "आता नको ती." आणि स्वतःच बटण दाबून ओळ पुसली. स्वतःची चूक स्वतःच्या हातानं पुसायची म्हणजे खायचं काम नाही. मोठ्या मनाचा माणूस आहे. मी तसं म्हणालो, तर भिंगरीला ठसका लागला.

गुरुवार, २६ मार्च

गेल्या शुक्रवारी सगळं काम संपलं. तेव्हापासून भावोजी आले नव्हते. यायला काही कारणच नव्हतं. मी फोन केला नाही. एकदा सांगितलंय, पुन्हा सांगणं म्हणजे ओढून आणणं. पण सकाळी साडेनऊपासून माझं कशात लक्ष नव्हतं. आरी बोटात घुसली.

दहाला जिन्यात आवाज. डावा पाय बाहेरच्या बाजूनं घासत येणारा. मी उठलो नाही. उठलो असतो तर काहीतरी वेड्यासारखं केलं असतं.

भावोजी आले. खिडकीपाशी त्यांची खुर्ची होती, तीत बसले. चष्मा पुसला. समोर नवं यंत्र, त्याला काही झालेलं नव्हतं. त्यांच्या हातांना काम नव्हतं, म्हणून ते मांडीवर ठेवले. ही चहा देऊन गेली. चहा संपला. माझ्या हातात एका म्हाताऱ्या शिंप्याचा बूट होता, तो मी उगाच फिरवून फिरवून बघत होतो. अकरा वर्षं आम्ही या खोलीत बसून यंत्राबद्दल बोलत आलो. यंत्राशिवाय काय बोलायचं, ते दोघांनाही येत नव्हतं. वाटलं, आता हे उठतील, बस गाठतील, आणि पुढच्या गुरुवारी येणार नाहीत.

मग भावोजी म्हणाले, "तू तिला पहिला जोड केलास, तो आठवतो का तुला? लग्नाआधी?"

या खोलीत अकरा वर्षांत आम्ही ताईचं नाव काढलं नव्हतं. मी बूट खाली ठेवला.

"दोन्ही डावे झाले होते," मी म्हणालो.

"ती तेच घालून मला भेटायला आली होती. मला वाटलं, मुलगी लंगडते. आईला जाऊन तसं सांगितलं. आई म्हणाली, मग? मी म्हटलं, मग काही नाही, चालेल."

मला हे माहीतच नव्हतं. ताईनं कधी सांगितलं नाही. भावाचं काम वाईट म्हणावं लागेल म्हणून बोलली नसेल. तशीच होती ती. मी तसं म्हणालो. भावोजी म्हणाले, अगदी तशीच होती, आणि मग शाळेत शिकवत असताना तिनं वर्गात झोपलेल्या पोरांना काय केलं ते सांगायला लागले. त्यातलं निम्मं मला ठाऊक नव्हतं. मी तिच्या लहानपणाचं सांगितलं, ते त्यांना ठाऊक नव्हतं. ही दारात येऊन उभी राहिली, मग स्टूल ओढून बसली. भिंगरी बसली. कोणीतरी हसत होतं, कोणीतरी डोळे पुसत होतं, आणि कोण काय करतंय हे पाहायला कोणाला वेळ नव्हता.

जेवायला बोलावलं तेव्हा दीड वाजून गेला होता. उठताना लक्षात आलं की सकाळपासून नवं यंत्र आम्ही सुरूच केलं नाही.